वेबसाईटच्या किल्ल्या स्वतःकडे ठेवा: छोट्या व्यवसायासाठी डोमेन आणि होस्टिंग घेण्याची पद्धत

छोट्या व्यवसायांच्या वेबसाईटची कामं मी बरीच वर्षं करतो आहे. मदतीसाठी फोन येतात, त्यात साईट हॅक झाली किंवा सर्व्हर बंद पडला असं सांगणारे थोडे असतात. जास्त फोन येतात ते असे: "ज्याने साईट बनवून दिली तो आता फोन उचलत नाही, आणि डोमेन कोणाच्या नावावर आहे ते आम्हाला माहीत नाही."

अशाच एका घरगुती व्यवसायाचं डोमेन नऊ वर्षं वापरात होतं. पाट्यांवर, पावत्यांवर, पिशव्यांवर तेच नाव छापलेलं. ते नोंदवलेलं होतं डिझायनरच्या वैयक्तिक खात्यात. त्याने व्यवसाय सोडला, त्याचा जुना ईमेल बंद झाला, मुदत संपल्याच्या सूचना त्या बंद पेटीत पडत राहिल्या. मालकांना कळलं तेव्हा ते नाव तिसऱ्याच कोणीतरी घेतलेलं होतं. साईटचा मजकूर आम्ही परत उभा केला, पण नाव काही परत मिळालं नाही. त्या दिवसापासून मी कोणालाही डोमेन-होस्टिंगबद्दल सांगताना वेग, जागा, किंमत यांच्याआधी एकच गोष्ट सांगतो: खातं कोणाच्या नावावर आणि पासवर्ड कोणाकडे, हे पहिल्या दिवशी ठरवा. बाकी सगळं नंतर बदलता येतं.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करून घ्या

डोमेन म्हणजे तुमचं नाव. होस्टिंग म्हणजे साईटच्या फाईली जिथे ठेवल्या आहेत तो सर्व्हर. आणि तिसरी गोष्ट म्हणजे त्या नावावरचा ईमेल. एकाच कंपनीकडून तिन्ही घेतल्या तर त्या एकच वाटतात, पण त्या स्वतंत्र सेवा आहेत आणि तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडे सुखाने नांदू शकतात. त्यांना जोडून ठेवते ती डीएनएस नावाची व्यवस्था. १९८३ मध्ये तिची रचना झाली आणि आजही तिचं मूळ काम तेच आहे: नाव दिलं की ते कुठल्या सर्व्हरवर आहे हे सांगणं.

डोमेनच्या बाबतीत चार पक्ष असतात. सगळ्यात वर आयकॅन, डोमेनच्या व्यवस्थेचे नियम ठरवणारी, १९९८ मध्ये स्थापन झालेली संस्था. तिच्याखाली रजिस्ट्री, म्हणजे एखाद्या शेवटाची (नावातल्या ठिपक्यानंतरच्या भागाची, जसं डॉट कॉम) पूर्ण यादी सांभाळणारी कंपनी. डॉट कॉमची यादी व्हेरिसाईन सांभाळते. त्याखाली रजिस्ट्रार, ज्याच्याकडे आपण जाऊन नाव नोंदवतो. आणि शेवटी नोंदणीधारक, म्हणजे तुम्ही. हा चौथा पक्ष खरोखर तुम्हीच आहात की दुसरंच कोणी, यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे.

आपण "डोमेन विकत घेतलं" असं म्हणतो, पण ते कायमचं कधीच मिळत नाही. डॉट कॉमसारखं नाव एका वर्षापासून जास्तीत जास्त १० वर्षांपर्यंत नोंदवता येतं आणि मुदत संपायच्या आत वाढवत राहावं लागतं.

पहिली पायरी: कुठेही पैसे भरण्याआधी एक ईमेल उघडा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. व्यवसायासाठी एक स्वतंत्र ईमेल खातं उघडा, आणि ते तुम्ही घेणार असलेल्या डोमेनवरचं नको. एखाद्या मोठ्या ईमेल सेवेवरचं साधं खातं चालेल. कारण उघड आहे: डोमेनच बंद पडलं तर त्यावरचा ईमेलही बंद पडतो, आणि पासवर्ड बदलण्याची लिंक, मुदतीची सूचना, सगळं त्याच बंद पडलेल्या पेटीकडे जात राहतं. आत जायची किल्ली घरातच ठेवून दार ओढून घेतल्यासारखं होतं ते.

या खात्याला दुहेरी पडताळणी लावा, म्हणजे पासवर्डसोबत मोबाईलवरचा कोडही लागेल. दुहेरी पडताळणीचे जे राखीव कोड मिळतात ते कागदावर लिहून ठेवा. मोबाईल हरवला की तेच उपयोगी पडतात.

दुसरी पायरी: नाव ठरवणं

नियम थोडेच आहेत. रोमन नावात इंग्रजी अक्षरं, अंक आणि आडवी रेघ एवढंच चालतं. रेघ सुरुवातीला किंवा शेवटी चालत नाही. ठिपक्याआधीचा भाग जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा. अर्थात ६३ अक्षरांचं नाव कोणी घेऊ नये.

खरी कसोटी फोनवर लागते. नाव एखाद्याला फोनवर एकदाच सांगा आणि त्याने काय लिहून घेतलं ते विचारा. आपल्या भाषेतल्या नावांची इथे मोठी अडचण होते, कारण रोमन लिपीत त्यांचं एकच ठरलेलं स्पेलिंग नसतं. "श्री"च्या शेवटी आय लिहायचा की दोन ई? "विद्या" व्हीने सुरू होते की डब्ल्यूने? "स्वाद"मध्ये एक ए की दोन? मी स्वतः पाच-सहा जणांना नाव ऐकवतो आणि जे स्पेलिंग बहुतेकांच्या हातून आपोआप उतरतं तेच घेतो, मालकांच्या लेटरहेडवर वेगळं असलं तरीही. दोन स्पेलिंगं तुल्यबळ असतील तर दोन्ही नोंदवा आणि दुसरं पहिल्याकडे वळवा. रेघ आणि अंक मात्र टाळा. "मध्ये डॅश आहे बरं का" हे प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगत बसावं लागतं.

देवनागरीतही डोमेन घेता येतं. पडद्यामागे ते एक्स-एन आणि दोन रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन संकेतात बदललं जातं. साईटसाठी ते चालतं, पण ईमेलसाठी सगळीकडे नीट चालेलच असं नाही, शिवाय अनेक ऑनलाईन फॉर्म असा पत्ता नाकारतात. म्हणून ते जोडनाव म्हणून जरूर घ्या, मुख्य नाव रोमन ठेवा.

शेवट कोणता घ्यावा? डॉट कॉम मिळत असेल तर तो घ्या. लोक सवयीने तोच टाईप करतात. पहिलं डॉट कॉम १५ मार्च १९८५ रोजी नोंदवलं गेलं, म्हणजे चार दशकांची सवय आहे ही. व्यवसाय एकाच देशापुरता असेल तर त्या देशाचा दोन अक्षरी शेवटही तितकाच चांगला. मात्र देशांच्या शेवटांचे नियम त्या त्या देशाची रजिस्ट्री ठरवते. मुदत, बदली, नोंदणीची पात्रता हे सगळं वेगळं असू शकतं, ते आधी वाचा. २०१३ नंतर शेकडो नवे शेवट आले. डॉट शॉप, डॉट ऑनलाईन वगैरे. त्यांत चांगली नावं शिल्लक असतात, पण पहिल्या वर्षाची किंमत नाममात्र आणि दुसऱ्या वर्षापासूनची कितीतरी पट, असा प्रकार त्यांत फार दिसतो. काही नावांवर "प्रीमियम" म्हणून दरवर्षीच चढा दर असतो. नूतनीकरणाचा दर पाहिल्याशिवाय हात लावू नका.

नाव पक्कं करण्याआधी आणखी दोन गोष्टी तपासायच्या. एक, ते नाव किंवा त्याच्या जवळचं नाव कोणाचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे का. डोमेन मोकळं मिळालं याचा अर्थ ते वापरायचा हक्क मिळाला असा होत नाही. दुसऱ्याच्या ट्रेडमार्कवर डोळा ठेवून घेतलेलं डोमेन काढून घेण्याची आयकॅनची तक्रार-पद्धत १९९९ पासून अस्तित्वात आहे. दुसरं, त्या नावाचा भूतकाळ. वेबसाईटींच्या जुन्या प्रती जपून ठेवणाऱ्या इंटरनेट अर्काईव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ते नाव टाकून पाहा. आधी त्यावर जुगाराचं किंवा फसवणुकीचं दुकान चालत असेल, तर ईमेल स्पॅममध्ये जाण्यापासून तुमची सुरुवात होईल.

तिसरी पायरी: रजिस्ट्रार निवडून नोंदणी करणं

डॉट कॉमसाठी रजिस्ट्री सगळ्या रजिस्ट्रारांना सारखाच घाऊक दर लावते. त्यामुळे एखाद्याचा दर फारच कमी दिसला तर तो पहिल्या वर्षापुरताच असणार, हे धरून चाला. मी रजिस्ट्रार निवडताना हे पाहतो: नूतनीकरणाचा दर उघडपणे लिहिला आहे का, दुहेरी पडताळणी आहे का, नोंदणीधारकाची माहिती लपवण्याची सोय जादा पैसे न घेता मिळते का, डीएनएसच्या नोंदी स्वतः बदलता येतात का, आणि डोमेन दुसरीकडे नेण्याचा कोड खात्यातून स्वतःच काढता येतो का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "आम्हाला फोन करा" असं असेल तर मी तिथे नोंदणी करत नाही.

पैसे भरण्याच्या पानावर बऱ्याच गोष्टी आधीच टिक केलेल्या असतात: साईट बिल्डर, ईमेल, "सुरक्षा पॅकेज", सर्च इंजिनमध्ये नोंदणी. सगळे टिक काढा. तुम्हाला आत्ता फक्त नाव हवं आहे.

नोंदणीधारक म्हणून व्यवसायाचं कागदोपत्री असलेलं नाव आणि मालकाचं नाव द्या. साईट बनवणाऱ्याचं नाही, ऑफिसात काम करणाऱ्या हुशार मुलाचं नाही, भाच्याचंही नाही. माणसं चांगलीच असतात हो, पण माणसं नोकरी बदलतात, गाव बदलतात, आजारी पडतात. बनवणाऱ्याला काम करण्यापुरता प्रवेश द्या. बहुतेक रजिस्ट्रारांकडे तशी सोय असते.

नोंदणी झाल्यावर एक पडताळणीचा ईमेल येतो. त्यावर १५ दिवसांत क्लिक केलं नाही तर आयकॅनच्या नियमानुसार डोमेन थांबवलं जाऊ शकतं. नव्या साईटचं उद्घाटन होऊन दोन आठवडे झाले आणि साईट अचानक गायब झाली, तर पहिला संशय यावर घ्या. त्यानंतर लगेच तीन कामं उरकून टाका: ऑटो-रिन्यू (मुदत आपोआप वाढवण्याची सोय) चालू करा, बदलीचं कुलूप, म्हणजे डोमेन परस्पर दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येऊ नये म्हणून असलेली सोय, लावलेलं आहे याची खात्री करा आणि खात्याला दुहेरी पडताळणी जोडा.

मुदत किती वर्षांची घ्यावी? नावाबद्दल खात्री असेल तर मी तीन ते पाच वर्षं सुचवतो. होस्टिंगच्या बाबतीत माझा सल्ला नेमका उलटा आहे, तो पुढे येईलच.

मुदत संपली तर काय होतं

ऑटो-रिन्यू लावलं म्हणजे झालं, असं समजू नका. कार्डाची मुदत संपते, बँक व्यवहार नाकारते, कार्ड बदललेलं असतं. आयकॅनच्या नियमाप्रमाणे रजिस्ट्रारने मुदतीच्या साधारण एक महिना आधी, एक आठवडा आधी आणि संपल्यावर पाच दिवसांच्या आत सूचना पाठवायची असते. या सूचना त्या पहिल्या पायरीतल्या ईमेलवर येणार, म्हणून तो ईमेल उघडून पाहत राहणं आलं.

डॉट कॉमची मुदत टळल्यावर रजिस्ट्रार कमाल ४५ दिवसांपर्यंत नेहमीच्या पद्धतीने नूतनीकरण करू देऊ शकतो, पण किती दिवस द्यायचे हे तोच ठरवतो, आणि अनेक रजिस्ट्रार याच काळात नाव लिलावात काढतात. पुढे ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ असतो. त्यात नाव परत मिळतं पण दंडासारखी मोठी रक्कम भरावी लागते. त्यानंतरचे पाच दिवस कोणालाच काही करता येत नाही, आणि मग नाव सगळ्यांसाठी मोकळं होतं. चांगली नावं उचलायला टपून बसलेल्या स्वयंचलित यंत्रणा आहेत, त्यामुळे "मोकळं झालं की परत घेऊ" ही आशा धरू नका.

हे मोठमोठ्यांकडूनही होतं. डिसेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टकडून पासपोर्ट डॉट कॉम या डोमेनचं शुल्क भरायचं राहिलं आणि त्यावर अवलंबून असलेलं हॉटमेलचं लॉगिन अडलं. बाहेरच्या एका प्रोग्रॅमरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले तेव्हा ते सुटलं. तुमच्या डोमेनसाठी असं कोणी भरायला येणार नाही.

उलट बाजूने एक फसवणूकही चालते. "आपल्या डोमेनची मुदत संपत आहे, त्वरित रक्कम भरा" अशी बिलासारखी दिसणारी पत्रं किंवा ईमेल येतात, आणि ती तुमच्या रजिस्ट्रारची नसतातच. कुठल्याही पत्रातल्या लिंकवरून पैसे भरू नका. रजिस्ट्रारच्या साईटवर स्वतः जाऊन, लॉगिन करून तारीख पाहा.

चौथी पायरी: होस्टिंग

इथे लोक सर्वांत जास्त वेळ घालवतात आणि खरं तर इथली चूक सर्वांत सहज सुधारता येते. होस्टिंग आवडलं नाही तर फाईली उचलून दुसरीकडे नेता येतात.

आधी साईटवर काय असणार ते ठरवा. माहितीची पाच-सात पानं, फोटो, नकाशा, फोन नंबर एवढंच असेल तर साध्या स्थिर पानांची साईट पुरते. अशी पानं गिटहब पेजेस, क्लाउडफ्लेअर पेजेस, नेटलिफाय यांसारख्या ठिकाणी मर्यादेत मोफत ठेवता येतात, झटपट उघडतात आणि त्यांत हॅक होण्यासारखं फार काही नसतं. मात्र व्यावसायिक वापराच्या अटी वाचून घ्या, आणि मजकूर बदलायला थोडं तांत्रिक ज्ञान असलेला माणूस हाताशी लागतो.

मजकूर स्वतः वरचेवर बदलायचा असेल तर वर्डप्रेससारखी प्रणाली घ्या. जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाईट वर्डप्रेसवर चालतात, त्यामुळे ती जाणणारा माणूस कुठेही सापडतो. त्यासाठी शेअर्ड होस्टिंग पुरतं: एकाच सर्व्हरवर शेकडो साईट, प्रत्येकीला थोडा थोडा वाटा. थोडे जास्त पैसे खर्चायची तयारी असेल तर "मॅनेज्ड वर्डप्रेस" घ्या. अपडेट, बॅकअप आणि वेगाची काळजी ती कंपनी घेते. मालकांना दुसरा उद्योग असतो, सर्व्हर राखायचा नसतो, म्हणून मला हा पर्याय बहुतेकांसाठी योग्य वाटतो.

व्हीपीएस, म्हणजे स्वतःच्या वाट्याचा आभासी सर्व्हर, स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. त्याची सुरक्षा, अपडेट, फायरवॉल सगळं तुमच्या गळ्यात पडतं. सांभाळणारा माणूस पगारावर असेल तरच तो घ्या.

राहिले साईट बिल्डर, जिथे ओढून-सोडून पानं बनवता येतात. सोपे आहेत, दिसायला छान आहेत. फक्त एवढं लक्षात ठेवा की तिथे बनवलेली साईट उचलून दुसरीकडे नेता येत नाही. सोडायचं ठरवलं तर नव्याने बांधावी लागते. डोमेन मात्र त्यांच्याकडे न घेता वेगळं घेतलं असेल तर नाव तरी तुमच्यासोबत राहतं.

जाहिरातीतल्या शब्दांबद्दल थोडं. "अनलिमिटेड" म्हणजे अमर्याद नव्हे. अटींमध्ये प्रोसेसरचा वाटा, एका वेळी चालणाऱ्या प्रक्रिया आणि फाईलींची एकूण संख्या यांवर मर्यादा असतात. फाईलींच्या संख्येला तिथे "आयनोड" म्हणतात, तो शब्द शोधा. "९९.९ टक्के अपटाईम" ऐकायला भारी वाटतं, पण हिशेब केला तर वर्षाला पावणेनऊ तास साईट बंद राहिली तरी ते वचन पाळलं गेलं असं होतं. आणि मोडलंच तरी भरपाई बहुधा पुढच्या बिलातल्या किरकोळ सवलतीची असते.

सर्व्हर तुमची बहुतेक गिऱ्हाइकं जिथे आहेत त्याच्या शक्य तितका जवळ घ्या. आणि पैसे भरण्याआधी त्यांच्या मदतकक्षाला एक खरा प्रश्न विचारा, उदाहरणार्थ "बॅकअप मी स्वतः डाऊनलोड करू शकतो का आणि किती दिवसांचे ठेवता?" उत्तर किती वेळात आलं आणि त्यात प्रश्नाचं उत्तर होतं की छापील वाक्यं, यावरून पुढची वर्षं कशी जातील ते कळतं.

मोठी सवलत नेहमी तीन किंवा चार वर्षांचे पैसे एकदम भरण्यावर असते. पहिल्यांदा ती घेऊ नका. महिन्याचा किंवा फार तर वर्षाचा करार करा. होस्टिंग बिघडलं की सोडून जायची मोकळीक हीच आपल्या हातातली ताकद असते, ती सवलतीपायी गहाण टाकू नका. होस्टिंगसोबत "डोमेन मोफत" मिळत असेल तरी मी ते वेगळंच नोंदवायला सांगतो. मोफत डोमेन पुढच्या वर्षी बहुधा चढ्या दराने वाढवावं लागतं, आणि भांडण होस्टिंगचं झालं तरी अडकतं नाव.

पाचवी पायरी: दोघांना जोडणं

दोन मार्ग आहेत. पहिला, रजिस्ट्रारकडे जाऊन नेमसर्व्हर (तुमच्या डोमेनच्या डीएनएस नोंदी जिथे ठेवलेल्या असतात ते सर्व्हर) बदलायचे आणि होस्टिंग कंपनीने दिलेले टाकायचे. मग डीएनएसचा पूर्ण कारभार होस्टिंगकडे जातो. दुसरा, नेमसर्व्हर आहेत तसेच ठेवून फक्त "ए" नोंदीत होस्टिंगच्या सर्व्हरचा आयपी पत्ता, म्हणजे त्याचा आकड्यांतला पत्ता, लिहायचा, आणि तीन डब्ल्यूंच्या रूपासाठी "सीनेम" नोंद करून ती मूळ नावाकडे वळवायची.

मी दुसरा मार्ग वापरतो, आणि त्याला कारण आहे. सुरुवातीच्या काळात एका व्यवसायाची नवी साईट लावताना मी बेधडक नेमसर्व्हर बदलले. साईट छान दिसू लागली. दोन दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की एकही ऑर्डर ईमेलवर येत नाही. जुन्या डीएनएसमध्ये ईमेलची दिशा सांगणाऱ्या "एमएक्स" नोंदी होत्या, नव्या जागी त्या नव्हत्याच. दोन दिवसांत आलेल्या ऑर्डरी कोणाकोणाच्या होत्या, ते आम्हाला कधीच पूर्णपणे कळलं नाही. तेव्हापासून डीएनएसला हात लावण्याआधी मी सगळ्या नोंदींचा स्क्रीनशॉट घेतो. तुम्हीही घ्या, त्याला एक मिनिट लागतं.

बदल दिसायला "२४ ते ४८ तास लागतात" असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात जुनं उत्तर जगभरच्या सर्व्हरांनी काही काळ लक्षात ठेवलेलं असतं, आणि तो काळ प्रत्येक नोंदीच्या टीटीएल या आकड्यात सेकंदांत लिहिलेला असतो. ३६०० म्हणजे एक तास, ८६४०० म्हणजे पूर्ण दिवस. बदल करायच्या एक-दोन दिवस आधी हा आकडा ३०० वर आणून ठेवला तर नोंदींतला बदल काही मिनिटांत लागू होतो. नेमसर्व्हर बदलताना मात्र हा उपाय पुरत नाही, तिथे एक-दोन दिवस धरावेच लागतात.

तीन डब्ल्यूंसह आणि त्यांच्याशिवाय, दोन्ही पत्ते उघडून पाहा. दोन्ही चालले पाहिजेत आणि एक दुसऱ्याकडे वळला पाहिजे. कोणता मुख्य ठेवायचा ते तुमच्या आवडीवर आहे.

सहावी पायरी: कुलपाचं चिन्ह

साईट आणि ब्राउझर यांच्यातली देवाणघेवाण सुरक्षित करणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्रासाठी वेगळे पैसे भरू नका. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा ते मोफत देते आणि बहुतेक होस्टिंगमध्ये एका बटणावर ते सुरू होतं. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर प्रमाणपत्र नसलेल्या प्रत्येक साईटला "असुरक्षित" म्हणतो, त्यामुळे याला पर्याय नाही. पाहायचं ते एवढंच की नूतनीकरण आपोआप होतं का. या प्रमाणपत्रांचं आयुष्य जगभर कमी केलं जात आहे. २०२५ मध्ये ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे मार्च २०२९ पासून कोणतंही सार्वजनिक प्रमाणपत्र जास्तीत जास्त ४७ दिवसांचं असेल. हाताने नूतनीकरण करायला लावणारं होस्टिंग तोपर्यंत निरुपयोगी झालेलं असेल.

सातवी पायरी: ईमेल

होस्टिंगसोबत मिळणारा ईमेल मी व्यवसायासाठी वापरू देत नाही. शेअर्ड सर्व्हरवर शेजारच्या एखाद्या साईटने स्पॅम पाठवला की त्या सर्व्हरचा पत्ता काळ्या यादीत जातो आणि तुमची कोटेशनं गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये. शिवाय होस्टिंग बदललं की पेट्याही हलवाव्या लागतात. स्वतंत्र ईमेल सेवा घ्या, तिने सांगितलेल्या एमएक्स नोंदी डीएनएसमध्ये टाका.

सोबत डीएनएसमध्ये तीन टीएक्सटी नोंदी, म्हणजे साध्या मजकुराच्या नोंदी, लागतात. एसपीएफ सांगते की तुमच्या नावाने कोणते सर्व्हर ईमेल पाठवू शकतात. डीकिम प्रत्येक ईमेलवर न दिसणारी सही करते. डीमार्क सांगते की या दोन्हींत न बसणाऱ्या ईमेलचं काय करायचं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने याबाबतचे नियम कडक केले आहेत, तेव्हा हे काम "नंतर बघू" म्हणून ठेवू नका. एक चूक वारंवार दिसते: दोन सेवा वापरताना दोन वेगळ्या एसपीएफ नोंदी टाकल्या जातात. एका नावाला एकच एसपीएफ चालते. दोन्ही सेवा त्या एकाच ओळीत बसवायच्या असतात.

साईटवरचा संपर्क फॉर्मही याच सेवेमार्फत ईमेल पाठवतो ना, हे तपासा. फॉर्म भरून पाहा, ईमेल आला का पाहा. महिन्यातून एकदा पाहा.

बॅकअप

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच या मोठ्या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच परिसरात होते, तेही गेले. म्हणून होस्टिंग कंपनीच्या बॅकअपव्यतिरिक्त एक प्रत दुसऱ्या कंपनीच्या जागेत किंवा स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवा. वर्डप्रेस असेल तर फाईली आणि डेटाबेस दोन्ही घ्या. नुसत्या फाईलींत तुमचे लेख आणि पानांचा मजकूर नसतो. आणि वर्षातून एकदा तो बॅकअप खरोखर उघडून, दुसऱ्या जागी लावून पाहा.

डोमेन आधीच दुसऱ्याच्या नावावर असेल तर

संबंध चांगले आहेत तोवर हे काम उरका, साईट नव्याने बनवायची वेळ येईपर्यंत थांबू नका. आरडीएपी या डोमेनच्या नोंदणीची माहिती देणाऱ्या शोधसेवेत (२०२५ पासून तिने हूइज या जुन्या शोधसेवेची जागा घेतली आहे) नाव टाकून रजिस्ट्रार कोण आणि मुदत कधीची ते पाहा. मग त्याच रजिस्ट्रारकडे स्वतःचं खातं उघडा आणि बनवणाऱ्याला डोमेन त्या खात्यात सरकवायला सांगा; हा सर्वांत सोपा मार्ग. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं असेल तर कुलूप काढून बदलीचा कोड मागा. कोड मागितल्यापासून पाच दिवसांत द्यावा असा आयकॅनचा नियम आहे, आणि बदली पूर्ण व्हायला आणखी पाचेक दिवस लागू शकतात. नवीन नोंदणी किंवा आधीची बदली होऊन ६० दिवस झाले नसतील तर थांबावं लागतं. नावाच्या पावत्या आणि जुना पत्रव्यवहार जपून ठेवा. वाद झालाच तर तेवढाच आधार असतो.

सगळं झालं की एक कागद घ्या. त्यावर लिहा: रजिस्ट्रार कोण, होस्टिंग कोणाचं, ईमेल सेवा कोणती, प्रत्येकाचं खातं कोणत्या ईमेलवर आहे, पैसे कोणत्या कार्डातून जातात, राखीव कोड कुठे ठेवले आहेत. पासवर्ड त्यावर नकोत, ते पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा. घरातल्या किंवा व्यवसायातल्या आणखी एका विश्वासू माणसाला हा कागद कुठे आहे ते सांगा. आणि डोमेनच्या मुदतीची तारीख मात्र पेन्सिलने लिहा, ती पुढे खोडून बदलायची असते.